न हंसणारी राणी : ‘सेजाराह मलायू’ मधील तुन फातिमा

राजांच्या दरबारीं लिहिलेल्या इतिहासांत राण्यांना बहुधा दोनच प्रसंगीं प्रवेश मिळतो : एक विवाहाच्या वेळीं आणि दुसरा पुत्रजन्माच्या वेळीं. मधला सारा काळ रिकामा असतो. राणी काय बोलली, तिनें काय सोसलें, कोणत्या गोष्टीला तिच्या मनानें होकार दिला आणि कोणत्या गोष्टीला दिला नाहीं, हें लिहिण्याचें बखरकाराला प्रयोजन वाटत नाहीं. आणि आपणां वाचकांनाहि त्याची इतकी संवय झालेली असते, कीं ती उणीव उणीव म्हणून जाणवतहि नाहीं. अशा एखाद्या ग्रंथांत ‘राणी हंसली नाहीं’ एवढीच गोष्ट लेखकानें मुद्दाम नोंदून ठेविली असेल, तर तेथें वाचकानें क्षणभर थांबलें पाहिजे. जो लेखक राणीचें बोलणें लिहीत नाहीं, त्यानें तिचें न हंसणें कां लिहिलें?

असें एक ठिकाण मलय भाषेंतील ‘सेजाराह मलायू’ या ग्रंथांत आहे. मलाक्काचा सुलतान महमूद शाह यानें आपल्या प्रधानाचा व त्याच्या घरांतील कर्त्या पुरुषांचा वध करविला, आणि त्याच प्रधानाची मुलगी तुन फातिमा हिला आपली राणी केलें. सुलतानाचें तिच्यावर अतिशय प्रेम होतें. परंतु त्याच्या सहवासांत ती कधीं हंसली नाहीं, तिनें स्मितहि केलें नाहीं, असें ग्रंथकार सांगतो. तो याहून अधिक कांहीं सांगत नाहीं. माझ्या मतें या साऱ्या ग्रंथांतील अत्यंत धीट वाक्य हेंच आहे. आणि तें धीट कां, हें दाखविण्याचा प्रयत्न पुढें केला आहे.

मलाक्का हें नांव मराठी वाचकाला अगदींच परकें नाहीं. १५१० सालच्या नोव्हेंबरांत आल्बुकेर्कनें गोवें दुसऱ्यांदा घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं, १५११ च्या ऑगस्टांत, त्यानेंच मलाक्का जिंकलें. तुन फातिमेच्या बापाचा वध १५१० सालचा समजला जातो. म्हणजे ज्या सुमारास मांडवीच्या कांठीं पोर्तुगीजांचें ठाणें पक्कें होत होतें, त्याच सुमारास पूर्वेकडील त्या श्रीमंत बंदराचा दरबार स्वतःच्याच हातानें स्वतःचा आधारस्तंभ उपटून टाकीत होता. पोर्तुगीजांच्या लेखनांत या वधामागें राजद्रोहाचा संशय सांगितलेला आढळतो, आणि परकी व्यापाऱ्याच्या दृष्टीला त्या पलीकडचें दिसण्याचें कारणहि नव्हतें. मलय ग्रंथकाराला मात्र त्या घरांतील मुलगी दिसली.

ग्रंथाचें मूळ नांव ‘सुलालतुस् सलातीन’, म्हणजे सुलतानांची वंशावळी. प्रस्तावनेंत हिजरी १०२१, म्हणजे इ. स. १६१२, हें वर्ष येतें, आणि जोहोरचा राजपुत्र राजा अब्दुल्ला याच्या आज्ञेवरून तो लिहिला गेला असें सांगितलें आहे. परंपरेनें त्याचें कर्तृत्व जोहोरचा प्रधान तुन स्री लानांग याच्याकडे दिलें जातें. जॉन लायडन यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १८२१ सालीं, रॅफल्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें. रॅफल्स यांच्या संग्रहांतील जुनी प्रत विन्स्टेट यांनीं १९३८ सालीं छापली. आणि २००१ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृतिठेव्याच्या आपल्या नोंदवहींत या ग्रंथाला स्थान दिलें. आपल्या बखरींशीं परिचय असलेल्या वाचकाला त्यांत ओळखीचें असें पुष्कळ सांपडेल : तारखा थोड्या, प्रसंग पुष्कळ, माणसांचीं बोलणीं जिवंत, आणि वंशाच्या अभिमानासाठीं सिकंदरापर्यंत मागें जाण्याची तयारी.

ग्रंथाची भाषाहि आपल्याला मधूनमधून ओळख देते. मलाक्काच्या मुख्य प्रधानाला ‘बेंदाहारा’ म्हणत. तो शब्द आपल्या ‘भांडागारा’चाच दूरचा आप्त आहे. आरमाराच्या अधिपतीला ‘लक्समाना’ म्हणत. त्या पदाला रामाच्या भावाचें नांव मिळालें आहे. निष्ठेला ‘सेतिया’ म्हणतात, त्यांत ‘सत्य’ आहे. आणि राजाविरुद्ध उठण्याला ‘दरहाका’ म्हणतात, त्यांत ‘द्रोह’ आहे. शेवटचे दोन शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत, कारण तुन फातिमेची सारी कथा या दोन शब्दांच्या चिमट्यांत सांपडलेली आहे.

ग्रंथाच्या आरंभींच राजा व प्रजा यांच्यामध्यें झालेल्या एका कराराची गोष्ट येते. पालेंबांगचा अधिपति दमांग लेबार दाउन हा मलाक्काच्या राजवंशाच्या मूळपुरुषाला आपली मुलगी देतांना शपथ मागतो व शपथ देतो. प्रजेनें राजाचा द्रोह कधींहि करूं नये, राजा दुष्ट असला तरीहि नाहीं; आणि राजानें प्रजाजनाचा कितीहि मोठा अपराध असला तरी त्याची विटंबना करूं नये, अपराध मरणाच्या योग्यतेचा असल्यास त्याला मारावें, परंतु त्याची अप्रतिष्ठा करूं नये. करार दोन्ही बाजूंचा आहे. परंतु त्यांत एक बाजू प्राण देते आणि दुसरी केवळ वचन देते, हें कोणाच्याहि सहज लक्षांत येईल. पुढचा सारा ग्रंथ म्हणजे या कराराची कसोटी पाहणाऱ्या प्रसंगांची एक माळच आहे, आणि तिच्यांतील सर्वांत कठोर कसोटी तुन फातिमेच्या घरीं घडते.

तिचा बाप बेंदाहारा श्री महाराज तुन मुताहिर हा ग्रंथकारानें मोठ्या मौजेनें रंगविला आहे. तो देखणा, श्रीमंत, आणि आपल्या देखणेपणाची पुरती जाणीव असलेला गृहस्थ होता. दिवसांतून कितीतरी वेळां तो पोशाख बदली. पुरुषभर उंचीच्या आरशापुढें उभा राही, आणि अंगरख्याला कोणतें वस्त्र शोभून दिसेल असें बायकोला विचारी. हें वर्णन वाचतांना आपण हंसतों, आणि हंसतां हंसतां या माणसावर आपलें प्रेम जडतें. पुढें जें व्हावयाचें आहे त्याची तयारी ग्रंथकार अशी करतो. ज्या घरांत इतकें निरुपद्रवी सुख नांदत होतें, तें घर आतां मोडावयाचें आहे.

सुलतानाची पट्टराणी वारली होती. बेंदाहाराची मुलगी लावण्यवती म्हणून सर्वत्र ख्याति होती. राजकुळांतील एका वृद्धानें बेंदाहाराला सुचविलें, कीं ही मुलगी सुलतानाच्या दृष्टीस घातली पाहिजे. बेंदाहारानें नम्रपणें उत्तर दिलें, कीं आम्ही प्रजा; प्रजेची मुलगी आपल्या बरोबरीच्यालाच शोभते. आणि त्यानें फातिमेचा विवाह आपला भाऊ श्री नार दिराज तुन ताहिर याचा मुलगा तुन अली याच्याशीं ठरविला. विवाहाला सुलतानाला आमंत्रण होतें. तेथें त्यानें वधूला पाहिलें, आणि त्या क्षणापासून बेंदाहारानें आपल्याला फसविलें असा आकस त्याच्या मनांत धुमसूं लागला. अन्न गोड लागेना. तो निमित्त शोधूं लागला.

निमित्त बाजारपेठेनें पुरविलें. राजा मुदलियार आणि नैना सुरा देवाना या दोन बड्या तमिळ व्यापाऱ्यांत दावा चालू होता. किटुल नांवाच्या एका कर्जबाजारी इसमानें आपलें कर्ज फिटावें म्हणून मुदलियाराच्या कानीं घातलें, कीं प्रतिपक्षानें बेंदाहाराला सोनें चारून तुझा घात योजला आहे. भ्यालेल्या मुदलियारानें लक्समाना खोजा हसन याला द्रव्य देऊन त्याच्या तोंडून सुलतानाला कळविलें, कीं बेंदाहारा सिंहासन बळकावण्याच्या विचारांत आहे. सुलतानानें चौकशी केली नाहीं. दोन सरदार रुप्याच्या तबकांत क्रीस घेऊन बेंदाहाराच्या घरीं गेले. तबक पाहतांच सर्वांनीं ओळखलें. मुलगा तुन हसन तमंगोंग शस्त्र घेऊन उठला. घरचीं माणसें जमलीं. प्रतिकार करण्याइतकें बळ त्या घरांत होतें. परंतु बापानें त्याला अडविलें : मलय माणसानें राजद्रोह केल्याचें आजवर कोणीं ऐकलेलें नाहीं, तें नांव आपण बुडवावयाचें नाहीं. मुलानें शस्त्र टाकलें आणि हात छातीशीं जुळवून तो उभा राहिला. बेंदाहारा, त्याचा भाऊ, त्याचा मुलगा आणि जांवई तुन अली हे सर्व तेथेंच मारले गेले. भावाच्या एका मुलावर घाव पडत असतां सुलतानाचा निरोप आला, कीं सर्वांना मारूं नका, वंशाला बीज म्हणून एक तरी ठेवा. म्हणून तेवढा तुन हमजा वांचला.

नंतर आरोप खोटा ठरला. मुदलियार मारला गेला, किटुलाला सुळीं देण्यांत आलें, लक्समानाचें घरदार जप्त झालें. मात्र त्याचें रक्त न सांडण्याची सुलतानाची शपथ असल्यामुळें त्याचा जीव वांचला. बेंदाहाराची संपत्ति राजवाड्यांत आली. आणि तुन फातिमाहि राजवाड्यांत आली.

येथें टीकाकाराला पहिला प्रश्न पडतो. ग्रंथकारानें या अनर्थाचीं कारणें दोन सांगितलीं आहेत : एक सुलतानाचा आकस आणि दुसरें व्यापाऱ्यांचें कारस्थान. वरवर पाहतां दुसरें कारण पहिल्यावर पांघरूण घालतें. परदेशी व्यापारी लबाड निघाले, राजा फसला, मग त्याला पश्चात्ताप झाला, असा दरबाराला रुचेल असा अर्थ काढण्यास वाट ठेविलेली आहे. पुष्कळांनीं तो तसाच काढला आहे, आणि भारतीय वाचकाला तर त्यांत आणखीहि एक सल जाणवेल, कीं घरचा दोष झांकावयास पाहुणा नेहमींच सोयीचा असतो. हा दोष ग्रंथांत आहे, आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु प्रसंगांचा क्रम पाहावा. आकस आधीं आहे, कारस्थान मागाहून आहे. आणि लक्समानाचें बोलणें सुलतानाला ताबडतोब खरें वाटलें याचें कारण तो आधींचा राग होता, असें ग्रंथकार स्पष्ट सुचवितो. व्यापाऱ्यांनीं ठिणगी टाकली. परंतु कोठार दारूनें भरून ठेविलें होतें तें सुलतानानें.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. हें सारें लिहिणारा कोण? तुन स्री लानांग हा स्वतः बेंदाहारा होता. एवढेंच नव्हे, तर ग्रंथाच्या एका पाठांत त्याची जी वंशावळी दिलेली आहे तिच्यांत पूर्वज म्हणून बेंदाहारा श्री महाराजाचें, म्हणजे याच मारल्या गेलेल्या प्रधानाचें, नांव येतें. आणि ज्या राजपुत्राच्या आज्ञेनें ग्रंथ लिहिला जात होता, तो जोहोरच्या दरबाराचा. ज्या दरबाराचा पहिला सुलतान हा तुन फातिमेचा आणि महमूद शाहचा मुलगा. म्हणजे परंपरा खरी मानल्यास आपल्यापुढें असा लेखक उभा राहतो, कीं ज्यानें आपल्या पूर्वजाच्या खुनाची हकीकत खुनी राजाच्या गादीचे वारस असलेल्यांपुढें सादर करावयाची आहे. आणि तीहि अशा ग्रंथांत, कीं ज्याच्या आरंभींच राजाविरुद्ध ब्रहि काढावयाचा नाहीं अशी शपथ लिहून ठेविलेली आहे.

असा लेखक निवाडा देईल कसा? राजाला तो दुष्ट म्हणूं शकत नाहीं; तो द्रोह होईल. घडलें तें योग्य झालें असेंहि तो म्हणूं शकत नाहीं. तें असत्य होईल, आणि पूर्वजांचा अपमानहि. अशा वेळीं त्यानें एका स्त्रीच्या चेहऱ्याकडे बोट दाखविलें. ती हंसली नाहीं. यांत राजाची निंदा नाहीं, कराराचा भंग नाहीं, शपथ अभंग आहे; आणि तरीहि निवाडा पूर्ण झाला आहे. बापानें द्रोह केला नाहीं, मुलानें शस्त्र टाकलें, परंतु त्या घरांतील मुलीकडून निष्ठा म्हणून जी गोष्ट कोणीहि मागूं शकत नव्हतें, ती तिनें दिली नाहीं. राजा देह घेऊं शकतो, घर घेऊं शकतो; आज्ञेनें स्मित मिळत नाहीं. पुढें ग्रंथकार सांगतो, कीं तिच्या या दुःखानें सुलतानहि खिन्न झाला, त्याला केल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला, आणि त्यानें राज्य आपला मुलगा अहमद याच्या स्वाधीन केलें. सैन्यानें जें झालें नसतें तें एका न हंसणाऱ्या स्त्रीनें केलें : सुलतान सिंहासनावरून उतरला.

कथा येथेंच संपली असती, तर तुन फातिमा ही केवळ शोकमूर्ति ठरली असती. परंतु ग्रंथकारानें तिला याहून अवघड करून ठेविलें आहे. ती जेव्हां जेव्हां गर्भवती होई, तेव्हां तेव्हां गर्भ पाडून टाकी. सुलतानानें कारण विचारलें. तिनें उत्तर दिलें, कीं आपला पुत्र गादीवर बसलेलाच आहे. मग माझ्या पोटच्या मुलाची आपल्याला गरज काय? तेव्हां सुलतानानें वचन दिलें, कीं तुला मुलगा झाला तर राज्य त्याला देईन. त्यानंतर तिनें गर्भ राखला. आधीं मुली झाल्या, मग मुलगा झाला. तोच राजा अली. पुढें तो सुलतान अलाउद्दीन रिआयत शाह झाला.

हें वाचून सोंवळ्या मनाचा वाचक दचकेल, आणि त्याचें दचकणें मी खोटें म्हणणार नाहीं. ज्या मातेला शोकाची अधिदेवता म्हणून आपण आतांपर्यंत पाहिलें, ती आतां सौदा करते आहे. कित्येकांना येथें केवळ महत्त्वाकांक्षा दिसेल. परंतु सौद्याचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. ज्या राजानें तिच्या बापाच्या घरांत ‘बीज म्हणून एक तरी ठेवा’ अशी आज्ञा पाठविली, त्याला ती सांगते आहे, कीं तुझें बीज ठेवावें कीं न ठेवावें हें आतां माझ्या हातीं आहे. आणि ती मागते काय? दागिने नव्हेत, सूडहि नव्हे, शत्रूंचीं डोकीं नव्हेत. तीं तर आधींच उडालेलीं आहेत. ती मागते गादी. राजद्रोहाचा खोटा आरोप ठेवून जें घर धुळीस मिळविलें, त्या घराचें रक्त राजरोस, राजाच्याच तोंडच्या वचनानें, सिंहासनावर बसावें, अशी तिची मागणी आहे. बेंदाहारावर आरोप काय होता? सिंहासनाचा लोभ. जें पाप बापानें केलें नव्हतें तें मुलीनें कोणतेंहि पाप न करतां घडवून आणलें. ग्रंथकार हें तोंडानें बोलत नाहीं. पण आरोप आणि वचन त्यानें अशा रीतीनें समोरासमोर ठेविले आहेत, कीं त्याला तें दिसलें नसेल असें म्हणवत नाहीं.

या सौद्याची किंमत दुसऱ्यांनीं दिली, हेंहि ग्रंथानें लपविलेलें नाहीं. आणि येथें त्याच ग्रंथांतील दुसऱ्या एका सुप्रसिद्ध कथेची आठवण होते. याच महमूद शाहनें, राणी वारल्यावर, गुनोंग लेदांग या पर्वतावरील अप्सरेला मागणी घातली होती. तिनें अटी घातल्या : मलाक्कापासून पर्वतापर्यंत एक सोन्याचा व एक रुप्याचा पूल, डांसांच्या काळजांचीं सात तबकें, आसवांचा रांजण, आणि शेवटीं एक वाडगाभर राजाचें रक्त व एक वाडगाभर त्याचा मुलगा अहमद याचें रक्त. सुलतान म्हणाला, कीं बाकीचें सारें देतां येईल, परंतु रक्त देववत नाहीं. ही गोष्ट सामान्यतः एक मनोरंजक अद्भुतकथा म्हणून सांगितली जाते. परंतु ग्रंथ सलग वाचणाऱ्याला पुढें कळतें, कीं मलाक्का गेल्यावर बिंतान बेटावर याच सुलतानानें याच अहमदाचा वध करविला आणि राज्य पुन्हां आपल्या हातीं घेतलें. एका काल्पनिक वधूला जें रक्त त्यानें नाकारलें, तेंच रक्त एका खऱ्या राणीच्या कारकीर्दींत त्यानें सांडलें. तुन फातिमेनें तें मागितलें होतें असें ग्रंथांत कोठेंहि नाहीं, आणि आपणहि तिच्या माथीं तें मारूं नये. अहमद जुन्या सरदारांना विचारीत नसे व तरुण सोबत्यांत रमे, असें कारण ग्रंथ देतो. परंतु दोन कथांमधील हा दुवा ज्याला दिसेल, त्याला पहिली कथा पूर्वींसारखी हंसून सोडून देतां येणार नाहीं.

अहमदामागून वारस म्हणून पुढें आलेला सावत्र मुलगा राजा मुजफ्फर. त्याची पायउतारणी ग्रंथकारानें ज्या बारकाव्यानें वर्णिली आहे, तो बारकावा एखाद्या कसलेल्या कादंबरीकारालाहि हेवा वाटावा असा आहे. राजा अलीचा जन्म झाला, तशीं मुजफ्फराच्या बैठकीखालचीं मानाचीं आसनें एकामागून एक काढून घेण्यांत आलीं, आणि अखेर सर्वांसारखी साधी चटई उरली. एक शब्दहि न बोलतां राज्य त्याच्या खालून काढून घेतलें गेलें. १५२८ सालीं कांपार येथें महमूद शाह मरण पावला, तेव्हां सरदारांनीं मुजफ्फराला निघून जाण्यास भाग पाडलें. तो पेराकला गेला आणि तेथील पहिला सुलतान झाला.

आतां मुजफ्फराची बायको कोण होती, हें सांगितलें म्हणजे या कथेचें वर्तुळ पुरें होतें. ती होती तुन त्रांग. तुन फातिमेची, मारल्या गेलेल्या तुन अलीपासून झालेली मुलगी. म्हणजे दुसऱ्या विवाहाच्या मुलाला गादी मिळावी म्हणून जें कुटुंब घराबाहेर काढलें गेलें, त्यांत पहिल्या विवाहाची मुलगी होती. आईला आपलें वचन फळाला आलेलें दिसलें तें मुलीच्या वनवासाच्या रूपानें. आणि तरीहि दैवाची योजना पाहावी : तुन त्रांगचा मुलगा मन्सूर पेराकच्या गादीवर आला. ज्या तुन अलीला केवळ फातिमेचा नवरा म्हणून मरावें लागलें, त्याचा नातू सुलतान झाला. जोहोरला मुलगा आणि पेराकला नातू, अशा दोन गाद्यांवर त्या एका उद्ध्वस्त घराचें रक्त पोंचलें. वंशावळी म्हणून लिहिलेल्या ग्रंथांत वंशाचाच असा सूड यावा, आणि लेखकानें त्यावर एक अक्षरहि भाष्य करूं नये, यांतच त्याची थोरवी आहे.

विसाव्या शतकांत तुन फातिमेचें नशीब पालटलें. स्वातंत्र्याच्या काळांतील मलय समाजाला वीरांगना हवी होती, आणि ती त्यानें हिच्यांत पाहिली. १९६२ सालीं ‘तुन फातिमा’ या नांवाचा बोलपट निघाला, त्यांत मारिया मेनादो ही नटी नायिका होती. जोहोर बारू येथील मुलींच्या एका नामांकित निवासी शाळेला तिचें नांव आहे. आणि लोकांच्या तोंडीं ती हातीं शस्त्र घेऊन पोर्तुगीजांशीं लढणारी राणी झाली. राष्ट्राला आपल्या पूर्वजांकडून स्फूर्ति घेण्याचा अधिकार आहे, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलींना राणीचें नांव मिळावें यांत आनंदच आहे. तथापि वाङ्मयाच्या दृष्टीनें या रूपांतरांत लाभ किती व हानि किती, हें सांगणें टीकाकाराचें काम आहे.

माझ्या मतें हानि अधिक आहे. हातीं तरवार दिली, कीं शत्रु बाहेरचा होतो. पोर्तुगीजांशीं लढणारी फातिमा प्रेक्षकाला सुखावते, कारण तिचा क्रोध परक्याकडे वळलेला असतो आणि राजवाड्यांतला प्रश्न मागें पडतो. ग्रंथांतील फातिमा कोणालाहि सुखावत नाहीं. तिचा शत्रु तिच्या शेजारीं बसलेला आहे, तो तिच्यावर प्रेम करतो, त्याला पश्चात्ताप झालेला आहे, आणि तरीहि ती त्याला क्षमा करीत नाहीं. तरवार चालविणारी राणी आपल्याला पुष्कळ सांपडेल. क्षमेवांचून एका घरांत वर्षानुवर्षें राहणारी, आणि त्या राहण्यांतूनच सत्ता निर्माण करणारी राणी दुर्मिळ आहे. शौर्य देण्याच्या भरांत आधुनिकांनीं तिची खरी शक्ति काढून घेतली. तिला शस्त्राची जरूर नव्हती. शस्त्र तर तिच्या भावानेंहि उचललें होतें आणि बापाच्या शब्दावर खालीं टाकलें होतें. तिनें जें उचललें तें कोणाच्या शब्दानें खालीं ठेवण्यासारखें नव्हतें.

ग्रंथाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. फातिमेचें दुःख त्यानें बाहेरून दाखविलें, आंतून नाहीं. तिचे उद्गार हातावर मोजण्याइतके आहेत. नवरा म्हणून तुन अलीवर तिचा जीव होता कीं नाहीं, मुलगी घराबाहेर पडली तेव्हां तिला काय वाटलें, यांविषयीं तो मौन पाळतो; तिचा शोक बापासाठीं होता असें तो म्हणतो, कारण बाप त्याचाहि पूर्वज आहे. म्हणजे तिच्या चेहऱ्याचा उपयोग त्यानें आपल्या कुळाच्या दुःखासाठीं करून घेतला, असाहि आक्षेप कोणी घेईल, आणि तो सर्वस्वी खोडून काढतां येणार नाहीं. परंतु आपल्या हातीं जी सामग्री होती तिच्यांतून त्यानें राणीला दरबारी शोभेची बाहुली होऊं दिलें नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या लेखकाच्या बाबतींत लहान नव्हे.

जुने ग्रंथ वाचतांना त्यांत आपल्या मनासारखें भाष्य नाहीं म्हणून आपण त्यांना भाट ठरवितों. राजनिष्ठा पानोपानीं दिसली, कीं लेखकाला दृष्टि नव्हती असें समजतों. ‘सेजाराह मलायू’ हा ग्रंथ ती घाई सुधारावयास लावतो. शपथेनें बांधलेला माणूसहि खरें लिहूं शकतो; मात्र तें तो कोठें लिहील हें वाचकानें ओळखलें पाहिजे. सिंहासनाच्या वर्णनांत तें सांपडणार नाहीं, लढायांच्या हकीकतींतहि नाहीं. तें सांपडेल आरशापुढें उभ्या राहणाऱ्या एका भाबड्या म्हाताऱ्यांत, खालून काढून घेतलेल्या आसनांत, आणि राजाच्या शेजारीं बसून न हंसणाऱ्या एका स्त्रीच्या चेहऱ्यांत. मलाक्काचें वैभव १५११ सालीं लयास गेलें. सोन्यानें भरलेलीं तीं घरें राहिलीं नाहींत. पण जें स्मित सुलतानाला मिळालें नाहीं, त्याची नोंद चारशें वर्षें होऊन गेलीं तरी पुसली गेली नाहीं.